पहिल्या ट्रेचा घास

“तू हात लावू नकोस, मी घेतो,” असं म्हणत पप्पांनी फळीवरचा डबा स्वतःच खाली काढला. झाकण उघडायच्या आधी त्यांनी डब्याच्या गळ्याभोवती दोन बोटं फिरवली, एकदा पुढून, एकदा मागून. मग आतली पांढरी भुकटी वजनाला लावली आणि बदामाच्या वाटणात ओतली.

“डब्याला काय चाचपताय? सरळ नावाची चिठ्ठी चिकटवा ना,” मी म्हणाले.

“बेकरीत चिठ्ठी टिकते का? दोन दिवसांत लोणी लागून गळून पडते.”

मी शाळेत शिकवते. जगातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असावी असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. पण त्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दहा वाजता माणसं यायची होती आणि पप्पांची परीक्षा होती.

ही गोष्ट दोन हजार एक सालच्या एप्रिलमधली. साताऱ्यात सदर बझारला आमची रणभिसे बेकरी. पाव, खारी, नानकटाई, नाताळात प्लम केक, एवढाच आमचा पसारा. पण पप्पांच्या खारीचं नाव होतं. कराडहून माणसं डबे घेऊन यायची. त्याच सुमाराला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि त्या कामासाठी काही डॅनिश माणसं शहरातल्या एका गेस्ट हाउसमध्ये उतरली होती. त्यांच्यातल्या कर्स्टन बाईंनी एकदा आमची खारी खाल्ली आणि थेट भट्टीपर्यंत येऊन विचारलं, की ज्या माणसाला असे पदर सुटतात त्याला आमच्याकडची पेस्ट्री का जमू नये? कागदावर कृती लिहून दिली. गंमत म्हणजे आपण जिला डॅनिश पेस्ट्री म्हणतो तिला ते लोक व्हिएन्नाचा पाव म्हणतात. पप्पांनी कागद वाचून घेतला आणि म्हणाले, “ही तर आपल्या खारीची थोरली बहीण. फक्त यीस्ट घातलंय आणि गोड केलीय.”

फेब्रुवारीत त्यांनी सहा वेळा पेस्ट्री केली. सहाही वेळा आईनं काही ना काही खोट काढली. लोणी जड झालंय, बदाम कच्चा लागतोय, गोड मारतंय. सातव्यांदा ती “आता बरोबर” म्हणाली. त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी गल्ल्यामागच्या खुर्चीत बसल्या बसल्या आई गेली.

मी एकुलती एक. माझा संसार पुण्यात. पासष्ट वर्षांचा एकटा माणूस भट्टीसमोर उभा राहतो, हे मला बघवत नव्हतं. बेकरीला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला, म्हणून मी महिनाभर फोनवर त्यांच्या मागे लागले होते. शाळेला सुट्टी लागल्यावर त्यांना न्यायलाच आले. तेव्हा पप्पांनी तोड काढली.

“गुरुवारी डॅनिश बाई चव बघायला येणारेत. गेस्ट हाउसचा मॅनेजर पण येणार. त्यांना पसंत पडलं तर रोजचा नाश्ता आपल्याकडून जाणार. पास झालो तर मी इथंच राहणार. नापास झालो तर संध्याकाळच्या गाडीनं तुझ्याबरोबर. मग तू पण कटकट करायची नाही आणि मी पण नाही.”

“कबूल,” मी म्हणाले. आणि खरं सांगते, ते नापास व्हावेत असं मला मनातून वाटत होतं. एरवी मी असली काही वाईट मुलगी नाही, पण त्या दिवसांत मला आई गेल्याची भीती बसली होती आणि पप्पा डोळ्यांसमोर हवे होते.

बुधवारी बेकरी बंद असते. त्या दुपारी मी अख्खी बेकरी घासून काढली. फळ्या, डबे, साचे, सगळं. डब्यांवर लोण्याचे थर बसले होते, कुठं काळ्या चिकट चिंध्या लोंबत होत्या. आईच्यानं शेवटी शेवटी काम होत नसणार, म्हणत मी डोळे पुसले आणि कामाला लागले. संध्याकाळी पत्र्याचे बारा डबे लखलखत एका रांगेत उभे होते.

गुरुवारी कारागिराला सकाळचा पाव काढून सुट्टी दिली. पप्पांनी संगमरवरी ओट्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या, कारण एप्रिलमध्ये लोणी हातातच वितळतं. कणीक लाटली, घडी घातली, पुन्हा लाटली. मग चौकोन कापून त्यांची टोकं मध्ये दुमडली आणि प्रत्येकाची भिंगरी केली.

“पवनचक्कीवाल्यांना भिंगरी,” ते म्हणाले. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं. भिंगरीच्या मधोमध बदामाचं सारण. शिवाय त्याच कर्स्टन बाईंच्या कागदावरचा तीन थरांचा मलईचा केक. त्या मलईतही पप्पांनी त्याच डब्यातली भुकटी फेटली. बारा भिंगऱ्या पहिल्या ट्रेमध्ये भट्टीत गेल्या, बारा सारणाशिवाय फुगायला ठेवल्या.

दहाला पाच कमी असताना फडतरे मॅनेजर कर्स्टन बाईंना घेऊन आले. फडतरे सफारीतले, पोट सुटलेले, बोलायला मोकळे.

“काय ओ रणभिसे, सगळं साताऱ्याचं नाव आज तुमच्या हातात बघा! बाई सकाळपासून उपाशी आहेत. मी पण चहाशिवाय काही घेतलं नाही.”

कर्स्टन बाई पन्नाशीच्या, उंच, उन्हानं लाल झालेल्या. साताऱ्यात त्यांनी एकच मराठी शब्द शिकला होता आणि तो त्या रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवायच्या. “छान!” दुकानात शिरतानाच म्हणाल्या. वासच तसा सुटला होता.

ट्रे बाहेर आला. भिंगऱ्यांना सोनेरी रंग आला होता, कडेला पदर सुटे दिसत होते. खोटं कशाला बोलू, मी मनात स्वतःलाच म्हटलं, एस्तेरबाई, हरलात तुम्ही. म्हातारा पास झाला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नवा पदार्थ भट्टीतून निघाला की पप्पा टोपी काढून दोन शब्दांची प्रार्थना करायचे, एक तुकडा मोडायचे आणि पहिला घास स्वतःच्या हातानं आईला भरवायचे. गिऱ्हाईक समोर असलं तरी. आणि तिनं गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. गल्लीतल्या बायका चिडवायच्या, “रणभिसे, अजून हळद उतरली नाही वाटतं!” आई लाजायची, पण तोंड उघडायची. मी दहावीत असताना मला त्याची इतकी लाज वाटायची, की ट्रे निघायच्या वेळेला मी हटकून मागच्या अंगणात जायचे.

पप्पांनी टोपी काढली. डोळे मिटले. तुकडा मोडला आणि त्यांचा हात सवयीनं डावीकडे गेला, आई उभी राहायची तिथं. तिथं कुणी नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो घास आपल्याच तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

“जमलंय,” ते म्हणाले.

तेवढ्यात फडतऱ्यांनी अर्धी भिंगरी एका घासात तोंडात कोंबली आणि कर्स्टन बाईंनी नीट चिमटीत धरून एक तुकडा खाल्ला.

फडतऱ्यांचे गाल हलायचे थांबले. डोळे मोठे झाले. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि तोंडातलं धुऊन जावं म्हणून पटकन समोरच्या केकचा मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला. मग मात्र ते दाराकडे धावले. बाहेर गटारापाशी त्यांचा खाकरण्याचा आवाज आला.

कर्स्टन बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. मोठ्या कष्टानं त्यांनी घास गिळला आणि पप्पांकडे बघून हसत म्हणाल्या, “छान.”

पप्पा दाराकडे बघत होते, मग बाईंकडे, पुन्हा दाराकडे. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी बघितला नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. मी ट्रेमधली एक भिंगरी उचलून चावली.

मीठ. नुसतं मीठ. चुकून चिमूटभर जास्त पडलेलं नव्हे, साखरेच्या जागी वजन करून घातलेलं मीठ. जीभ सोलल्यासारखी झाली.

पण मला धक्का बसला तो मिठाचा नाही. हाच पदार्थ माझ्यासमोर पप्पांनी शांतपणे चावून खाल्ला होता आणि जमलंय म्हणाले होते. त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं माझ्या मनात आलं. आईच्या मागोमाग हेही चालले.

फडतरे रुमालानं तोंड पुसत परत आले. “अहो रणभिसे, पेस्ट्री आहे का लोणचं? काय वैर होतं आमच्याशी?”

पप्पा माझ्याच तोंडाकडे बघत होते. मी गप्प राहिले असते तर मला हवं तेच झालं असतं. संध्याकाळची गाडी, पुणे, सगळं. पण दुकानात, गिऱ्हाइकांपुढं, टोपी हातात घेऊन उभा असलेला तो माणूस माझा बाप होता.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “काल मी डबे धुतले आणि मिठाचा डबा साखरेच्या जागी ठेवला. दुसरा ट्रे तयार आहे. अर्धा तास द्या.” हेच कर्स्टन बाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी आधी पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायल्यावर म्हणाल्या, मी लहान असताना आमच्याकडे एकदा कॉफीत मीठ पडलं होतं, ते वडिलांनी पाहुण्यांसमोर पिऊन दाखवलं. मी थांबते.

“मी पण थांबतो,” फडतरे म्हणाले, “पण ह्या वेळी आधी बाईंनी खायचं.”

मी पप्पांना दंडाला धरून आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“पप्पा, तुम्ही खाल्लंत.”

“हो.”

“सगळा घास खाल्लात. जमलंय म्हणालात.”

ते फळीपाशी गेले. एकेका डब्याच्या गळ्याभोवती बोटं फिरवत बाराही डबे त्यांनी चाचपले.

“दोरे कुठं गेले?” त्यांनी विचारलं.

“कसले दोरे?”

“मिठाच्या डब्याला दोरा असतो. तुझी आई बांधायची. सोड्याच्या डब्याला दोन.”

काळ्या चिकट चिंध्या. मीच त्या कात्रीनं कापल्या होत्या, आणि वर आईची कीव केली होती.

“मी कापले,” मी म्हणाले. “मला वाटलं घाण आहे. पण दोरा नसला म्हणून काय झालं? चिमूटभर जिभेवर टाकलं की कळतं ना!”

“तुला कळतं,” पप्पा म्हणाले.

ते ओट्याला टेकून उभे होते आणि टोपीची कड बोटांनी दुमडत होते.

“तू सहावीत होतीस बघ, मला तो ताप आला. दीड महिना दवाखान्यात होतो. त्यातनं वाचलो, पण जीभ गेली. नाक पण गेलं. गोड नाही, खारट नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आलं नाही.”

“सतरा वर्षं?”

“सतरा झाली.”

मी पिठाच्या पोत्यावर बसले. “आणि बेकरी? नवे केक? ते सगळं…”

“पाव, खारी हाताला पाठ आहे. वजनावर होतं, रंगावर भाजलेलं कळतं. नवं काही केलं की तुझ्या आईला द्यायचो. ती खायची, मी तिचं तोंड बघायचो. तिच्या तोंडावर सगळं दिसायचं मला. काय कमी, काय जास्त. गिऱ्हाइकापुढं बोलावं पण लागायचं नाही.”

म्हणजे ते लाड नव्हते. हळद वगैरे काही नव्हती. सबंध सदर बझार ज्याला हसत होता, मी ज्याच्या लाजेनं अंगणात पळत होते, ते दोघांचं काम चाललेलं असायचं.

“माझ्या लग्नाचा केक?”

“मी चाखलेला नाही. तुझी आई म्हणाली, असा पुन्हा होणार नाही.”

मग मला एकदम घरातलं ताट आठवलं. “पप्पा, रोज रात्री आई तुम्हाला विचारायची, आमटी कशी झालीय. तुम्ही म्हणायचात, आज मीठ जरा कमी आहे. आणि खरंच कमी असायचं!”

“कमी असलं की पहिल्या घासालाच तुझं बोट ताटातल्या मिठाकडं जायचं. त्यावरनं सांगायचो.”

“पण आईला माहीत होतं ना? माहीत असून ती रोज विचारायची?”

“विचारलं नसतं तर तुला कळलं असतं,” पप्पा म्हणाले. “तुला कळलं की शाळेत कळलं. शाळेत कळलं की गावात. चव नसलेल्या बेकरीवाल्याकडं कोण येतं, एस्तू?”

लग्न होईपर्यंत त्याच घरात, ताटाला ताट लावून बसून मला काही दिसलं नव्हतं. आईच्या हातचं जेवण बेचव लागत असताना हा माणूस रोज तिला आमटीबद्दल सांगत होता, आणि ती लाजून “उद्या बघते” म्हणत होती. कुणाला दाखवायला? मला. एकट्या मला. रडूही येईना.

पप्पांनी टोपी डोक्यावर घातली. “जा, त्यांना सांग. तुझी काही चूक नाही म्हणावं. मी नापास झालो. ठरलं ते ठरलं, संध्याकाळच्या गाडीनं येतो. सामान फार नाही माझं.”

महिनाभर जे ऐकायला मी धडपडत होते ते हेच. आता ऐकलं आणि नको वाटलं. ह्या माणसाला पुण्यातल्या दोन खोल्यांत नेऊन मी काय करणार होते? तिथं हाताला भट्टी नव्हती आणि तोंडाला चव तर कुठंच नव्हती. उरलं काय असतं?

“भट्टी गरम आहे ना?” मी विचारलं.

“आहे. पण काय उपयोग?”

मी उठले. दुकानात खोके बांधायच्या दोऱ्याचं रीळ टांगलेलं असतं, त्यातला हातभर दोरा तोडून आणला. बारा डबे उघडले, एकेक चिमूट जिभेवर ठेवली. मिठाचा सापडला त्याच्या गळ्याला दोरा बांधला, सोड्याच्या डब्याला दोन. मग साखरेचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. पप्पांनी बोटं फिरवली, दोरा नाही बघून मान हलवली आणि बदाम-वेलची कुटायला घेतली.

पुढं अकरा वर्षं दर शनिवारी मी पुण्याहून साताऱ्याला जात राहिले. पप्पा नवा पदार्थ फक्त शनिवारी करतात, अशी सदर बझारात त्यांची ख्यातीच झाली, आणि त्याचं कारण कुणालाही कळलं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मला फक्त भट्टीचं दार दिसत होतं आणि पलीकडून फडतऱ्यांची खुर्ची करकरताना ऐकू येत होती.

आधी नमुन्याला एकच भिंगरी भाजली. पप्पांनी टोपी काढली. डोळे मिटले. मग तुकडा मोडला आणि हात डावीकडे केला. मी जाऊन त्या जागेवर उभी राहिले आणि तोंड उघडलं.

घास गरम होता. जिभेवर टेकला मात्र, आणि इतका वेळ न आलेलं रडू एकदम फुटलं. बदाम, लोणी, साखर, सगळं डोळ्यांच्या पाण्यात मिसळलं. पप्पा अगदी जवळ येऊन माझ्याकडे बघत होते, आईकडे बघायचे तसेच, पापणी न हलवता.

“रडू नकोस,” ते घाईघाईनं म्हणाले. “एस्तू, रडू नकोस गं. काय झालंय तेच मला दिसत नाहीये.”

मी पदरानं तोंड पुसलं. नाक पुसलं. त्यांनी दुसरा तुकडा मोडला, मी तो खाल्ला आणि सावकाश चावत त्यांच्याकडे सरळ बघितलं.

“वेलची कमी आहे,” पप्पा म्हणाले.

मी अजून काहीच बोलले नव्हते.